खटका खाली होता

सुहास,

काल तुझ्या गीझरचं झाकण उघडलं. व्हॅनच्या गीझरचं. तू असतास तर लगेच टोकलं असतंस, "आपल्या म्हण. बिघडला की सुहासचा आणि पाणी गरम आलं की आपला, असं नाही चालायचं."

तुला जाऊन पाच आठवडे झाले. अंत्यसंस्काराच्या दिवशी हॉलमध्ये लोक तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. मीही बोललो. पिंपरीच्या कारखान्यातलं बॉयलर हाऊस, इथे आल्यावर पंचेचाळिशीत पुन्हा परीक्षेला बसून मिळवलेलं इलेक्ट्रिशियनचं लायसन्स, आपल्या अप्पर हट गावातल्या अर्ध्या घरांत जाऊन फुकट दुरुस्त केलेले हीटर. सगळं खरं होतं. पण मला जे सांगायचं होतं ते त्यात नव्हतं, आणि खाली येऊन बसलो तेव्हा ज्योती म्हणाली, "छान बोललास." बायकोच्या तोंडचं ते कौतुक मला सहन होईना. उठून बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो.

आपली ओळख रग्बी वर्ल्ड कपच्या वर्षी झाली, वेलिंग्टनहून घरी येणाऱ्या ट्रेनमध्ये. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. समोरच्या सीटवर पायांत हत्यारांची पेटी घेतलेला एक माणूस फोनवर मोठ्यानं सांगत होता, "अगं नाही मिळाली कोथिंबीर, पार्सली मिळाली, तीच बारीक चिरून टाक, कोण ओळखतंय!" मी हसलो आणि पकडला गेलो. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी "तुम्ही" म्हटल्यावर म्हणालास, "अहोजाहो करणार असशील तर चहाला बोलावणार नाही." मी काय करतो ते विचारलंस. सॉफ्टवेअर टेस्टर आहे म्हटल्यावर तू शर्टाच्या खिशातून टेस्टर काढून दाखवलास. "आमचा एवढासा असतो. आणि पगार मागत नाही."

त्यानंतर कितीतरी वर्षं आपण एकच भांडण भांडलो. तू म्हणायचास, कारखान्यात प्रत्येक दुरुस्तीनंतर मशीनच्या झाकणावर आतून मार्करनं लिहायची पद्धत होती. काय बिघडलं, कारण काय, कोणाकडून झालं, काम कोणी केलं. मी म्हणायचो, आमच्याकडे चुकीची चर्चा करताना कोणाचं नाव घेत नाहीत, नाव घेतलं की माणसं लपवायला लागतात. तू हसायचास. "नाव नको, तर मग सुधारणार कोण? भिंत?" मी म्हणायचो, "तुझ्या कारखान्यात माणसं घाबरून नावं लिहीत असतील." तू एकदम गंभीर व्हायचास. "नाही रे. नाव लिहिलं की विषय संपायचा. नाही लिहिलं की महिनाभर सगळे एकमेकांकडे बघत राहायचे."

हे भांडण आपण मिटवलं नाही. काल ते मिटलं. कसं, ते सांगतो. पण आधी ईस्टरचं सांगायला हवं, जे तुला माझ्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही.

दोन्ही घरांनी मिळून ती जुनी, आत झोपायची-शिजवायची सोय असलेली व्हॅन घेतली त्याला तेव्हा वर्षच झालं होतं. ती तुमच्या अंगणात उभी असायची, कारण काळजी तूच घ्यायचास. थंडीत गोठून फुटू नये म्हणून गीझरची टाकी रिकामी करून ठेवायचास. मला तू दोनदा समजावलं होतंस, "आधी पाणी भरायचं. सगळ्यात लांबचा गरम नळ उघडायचा. आधी नुसती हवा येते, थुंकल्यासारखं पाणी येतं, मग सरळ धार लागते. धार लागली की मगच खटका वर. कोरड्या टाकीत पाणी तापवणारा एलिमेंट दोन मिनिटांत मरतो." मी मान डोलावली होती. तुझ्यापुढे मी नेहमीच मान डोलवायचो, कारण तू मला कीबोर्डवाला म्हणायचास आणि मला ते लागायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या गुड फ्रायडेला मी व्हॅन घेऊन एकटा पुढे गेलो, वांगानुईच्या पलीकडे, समुद्रकाठच्या आपल्या नेहमीच्या कॅम्पवर. तू, वहिनी आणि ज्योती मागून गाडीनं येणार होतात. मला वाटलं, तुम्ही पोचाल तेव्हा सगळं तयार असावं. चहा, खुर्च्या, गरम पाणी. तू बघून म्हणावंस, "अरे वा, कीबोर्डवाल्या!" मी कॅम्पच्या खांबाला वायर जोडली, व्हॅनच्या बाहेरच्या बाजूचा गीझरचा खटका वर केला, आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून वाळूत फिरायला गेलो. अर्ध्या तासानं परत येऊन नळ उघडला. फुस्स. पाणी नाही, नुसती हवा, आणि तापलेल्या लोखंडाचा वास.

मी खटका खाली केला. घाईघाईनं टाकी भरली. पुन्हा खटका वर केला तर खांबावरची वीजच गेली. मग पुन्हा सगळं खाली करून, वीज आणून, मी खुर्चीत जाऊन बसलो आणि वाट बघत राहिलो. तुम्हाला यायला अजून पाऊण तास होता. पाऊण तास हा खूप वेळ असतो, सुहास. एवढ्या वेळात माणूस "माझ्याकडून चुकलं" हे दोन शब्दांचं वाक्य सहज पाठ करू शकतो. मी केलंही होतं. पण गाडीतून उतरल्याबरोबर तू म्हणालास, "गरम पाणी आहे ना? तुझ्या वहिनीचा खांदा धरलाय प्रवासात." आणि मी म्हणालो, "बघ ना, काहीतरी गडबड आहे. खटका वर केला की वीज जातेय."

तेवढंच. ते खोटंही नव्हतं.

गुड फ्रायडेला सगळी दुकानं बंद. कॅम्पच्या बाथरूममध्ये गरम पाणी होतं, म्हणजे कोणाचं काही अडलं नव्हतं. कोणी मला रागावणारही नव्हतं. इतक्या फुकटच्या गोष्टीसाठी मी खोटेपणा करून बसलो होतो.

शनिवारी गावात जाऊन तू एलिमेंट आणि नवं पॅकिंग आणलंस. ती सकाळ मला पानं उलटावीत तशी आठवते. तू खडीवर टॉवेलाची घडी घालून मांडी घातलीस. खांबाची वायर काढून आधी माझ्या हातात दिलीस. "हे टोक तुझ्या हातात असेपर्यंत मी जिवंत आहे. सोडू नकोस." गॅस बंद केलास. बाहेरचं झाकण काढलंस, टाकीचं बूच सोडलंस, पाणी खडीतून वाहत वहिनींच्या खुर्चीखाली गेलं आणि त्या पाय वर घेऊन ओरडल्या. एलिमेंटच्या दोन वायरी सोडवून त्यांच्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावलेस, कुठली कुठे ते कळावं म्हणून. मग मोठा पाना लावून हलकेच झटका दिलास. "जोर करायचा नाही. हा जुना माणूस आहे, त्याला आधी विचारायचं."

एलिमेंट बाहेर आला. वाकवलेल्या सळईसारखा, आणि मधोमध फाटलेला, आतली पांढरी पूड बाहेर आलेली. निखाऱ्यात टाकलेली शेंग फुटते तसा. तू तो उन्हात धरून बराच वेळ बघत बसलास.

"क्षार नाही धरलेले," म्हणालास. "हा कोरडा जळलाय."

तू माझ्याकडे बघितलंस की नाही, आठवत नाही. मी वायरीच्या टोकाकडे बघत होतो. आणि मग मी बोललो. "परवा अंगणात फ्रिज थंड करायला व्हॅन घराच्या विजेवर लावली होतीस ना? तेव्हा गीझरचा खटका वर राहिला असेल."

खडीवर कोणीतरी सायकल घेऊन गेलं. तू जळका एलिमेंट टॉवेलावर ठेवलास.

"असेल," म्हणालास. "ते पॅकिंग दे."

वहिनींनी खुर्चीतून टाळी वाजवली. "सापडला चोर! वय झालं हो तुमचं. उद्या मला कॅम्पवर विसरून जाल."

"तेवढं लक्षात ठेवून विसरेन," तू म्हणालास, आणि सगळे हसले. मीही हसलो. नवा एलिमेंट बसला, टाकी भरली, मला तू सांगितलंस, "जा, चहा टाक. मी झाकण लावतो." मी आत गेलो. सुटलो, असं वाटलं मला.

त्या दिवसापासून तू एक नियम केलास. व्हॅनचा गीझर एकट्यानं चालू करायचा नाही. एकजण नळापाशी, एकजण खटक्यापाशी. नळापाशी असेल त्यानं ओरडून सांगायचं, "पाणी आलं." मगच खटका वर. तू म्हणालास, "आता मी विसरायला लागलो ना, म्हणून." आणि दर वेळी मला नळापाशी उभा करायचास. पुढचे दोन उन्हाळे मी तिथे उभा राहून "पाणी आलं" म्हणत राहिलो आणि तू बाहेरून इथल्या लोकांसारखं "स्वीट ॲज!" म्हणून खटका वर करत राहिलास.

हा किस्सा वहिनींनी सगळ्यांना सांगितला. गणपतीत, वाढदिवसांना. "आमच्या इलेक्ट्रिशियननं स्वतःचाच गीझर जाळला." तू दर वेळी हात जोडायचास. मी दर वेळी पाणी प्यायला उठायचो.

आणि मग गेल्या वर्षीची थंडी आली. तुझा डावा हात पाना धरेना. तू लेकीला, सईला, तिच्या आजीच्या नावानं हाक मारलीस. मीच तुम्हा दोघांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होती, नीट ऐकून घेणारी. तिनं वहिनींना विचारलं, बदल पहिल्यांदा कधी जाणवला. वहिनींनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांच्या जपून बोललेल्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी, ईस्टरला, गीझरची टाकी रिकामी असताना यांनी खटका चालू ठेवला होता. असं हे कधी करत नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

मी शेजारच्या खुर्चीत होतो. सुहास, तू माझ्याकडे पाहिलंस. या वेळी मला नक्की आठवतं. तू पाहिलंस आणि मी वाकून बुटाची लेस बांधली, जी सुटलेली नव्हती.

मेंदूत गाठ निघाली. ती किती जुनी आहे हे सांगता येत नाही, दोन वर्षांपूर्वीच्या एका विसरण्यावरून तर नाहीच, असं डॉक्टर पुढे दोन-तीनदा म्हणाली. वहिनींच्या कानांत ते शिरलं नाही. त्यांनी तो ईस्टर घट्ट धरून ठेवला. तेव्हा मी हसले, टाळी वाजवली. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर. तेराव्याला घरी माणसं बसली होती, तेव्हाही त्या ज्योतीचा हात धरून हेच म्हणत होत्या. सई ऑकलंडहून आली होती, ती "आई, स्टॉप इट, यू कुडंट हॅव नोन" म्हणत त्यांची पाठ चोळत होती. मी रिकामे कप गोळा करत होतो.

तुला एकदा सांगायला आलो होतो. उन्हाळा संपत आला होता, तुझा पलंग हॉलमध्ये खिडकीपाशी लावला होता. वहिनी आंघोळीला गेल्या होत्या. मी म्हटलं, "सुहास, त्या ईस्टरला..." तू हात वर केलास. शब्द जुळवायला तुला वेळ लागत होता. म्हणालास, "गीझर. पाणी तापत नाही. एलिमेंट गेलाय." मी म्हटलं, "असू दे, बघू नंतर." तू मान हलवलीस, रागानं. "तूच बदल. दुसऱ्याला देऊ नकोस. तूच." वहिनी डोकं पुसत आल्या आणि मला खुणेनं म्हणाल्या, सोडा, असंच काहीही बोलतात आता. मी सोडलं. मला ते सोयीचं होतं.

परवा वहिनींचा फोन आला. पुढच्या आठवड्यात सई येतेय, दोघींना त्याच कॅम्पवर जायचंय, तुझ्या अस्थी तिथल्या समुद्रात सोडायच्या आहेत. "गाडी तेवढी बघाल का? पाणी तापत नाहीये, हे म्हणत होते."

म्हणून काल सकाळी नवा एलिमेंट घेऊन तुमच्या अंगणात आलो. तुझी पेटी उघडली. वायर काढली. टोक धरायला कोणी नव्हतं, ते मी माझ्याच खिशात खुपसलं. गॅस बंद केला, बूच सोडलं. झाकणाचे चार स्क्रू काढले, झाकण खाली ठेवायला उलटं केलं आणि आतल्या बाजूला तुझं अक्षर दिसलं. काळ्या मार्करचं, उजवीकडे कललेलं.

"एलिमेंट बदलला. ईस्टर, शनिवार.
कारण: टाकी कोरडी.
अंगणात खटका खाली होता. मी तपासला होता.
कोणाकडून:
काम केलं: सुहास, मिलिंद."

"कोणाकडून"च्या पुढे तू एक सरळ रेघ मारून जागा मोकळी सोडली होतीस.

मी तुझ्यासारखाच खडीवर मांडी घालून बसलो. मी आत चहा टाकत होतो तेव्हा तू हे लिहीत होतास. तुला माहीत होतं. "असेल" म्हणतानाही माहीत होतं. टाळी वाजली तेव्हा, हात जोडलेस तेव्हा, डॉक्टरच्या खोलीत. नाव लिहिलंच पाहिजे म्हणून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडणारा तू, माझ्या वेळी स्वतःचा नियम मोडलास. मोडलास तरी कसं म्हणू? जागा तर ठेवली होतीस. मी येऊन भरेन म्हणून तीन वर्षं थांबलास. नळापाशी उभा करून आठवण देत राहिलास. आणि शेवटी पलंगावरून, उरलेले सगळे शब्द गोळा करून, मला या झाकणाकडे पाठवलंस. माफी याहून मोठी असते का, मला माहीत नाही. पण तुझी माफी मिळाल्यानं माझं काम संपत नव्हतं. खोट्याचा भार तू एकटा वाहत नव्हतास.

मी हाक मारली. "वहिनी, जरा बाहेर येता?"

त्या हात पुसत आल्या. मी झाकण त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी आधी अक्षरावरून बोट फिरवलं, मग वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे?"

"म्हणजे सुहास विसरला नव्हता. खटका त्यानं खाली ठेवला होता. कॅम्पवर मी वर केला, टाकी रिकामी असताना. आणि त्याच्यावर ढकललं. त्या ईस्टरला त्याला काहीही विसरायला होत नव्हतं, वहिनी. तुमच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. सुटण्यासारखं काही नव्हतंच."

त्या व्हॅनच्या पायरीवर बसल्या.

"डॉक्टर विचारत होती तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी होतात."

"हो."

"मी काय सांगत होते ते ऐकत होतात."

"हो."

"तेराव्याला?"

"हो."

"हो काय, हो?" त्यांचा आवाज चढला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "एक वर्ष! रोज सकाळी उठते आणि पहिला विचार तो येतो. मी हसले, टाळी वाजवली, माझ्या माणसाचं डोकं आतून पोखरलं जात होतं आणि मी टाळी वाजवली. आणि तुम्ही येऊन चहा पिऊन जायचात, मिलिंद. इथे बसून."

मी झाकण मांडीवर घेऊन बसून राहिलो.

त्या उठून घरात गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं. काम तेवढं पुरं करावं आणि निघावं. मी पाना लावला. जोर न करता. एलिमेंट बाहेर आला तो पांढऱ्या क्षारांनी लडबडलेला, वांगानुईच्या जड पाण्याचे थर चढलेला. फाटलेला नव्हता. आपल्या वयानं गेलेला एलिमेंट कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. नवा बसवला, पॅकिंग तपासलं, वायरी तुझ्या चिकटपट्ट्यांप्रमाणे लावल्या.

झाकण उचलायला वळलो तर त्या समोर उभ्या होत्या. हातात मार्कर होता, फ्रीजरमधल्या डब्यांवर नावं घालायचा.

"त्यांनी जागा सोडलीय," त्या म्हणाल्या. डोळे लाल होते, आवाज कोरडा. "भरा."

मी लिहिलं. कोणाकडून: मिलिंद. शेवटचा 'द' बिघडला. त्यांनी वाकून पाहिलं. मी खाली आजचं काम लिहिलं, कारण लिहिलं, क्षार, वय. झाकण लावलं, चार स्क्रू आवळले, टाकीत पाणी सोडलं आणि वायर जोडली. मग उभा राहिलो, कारण नियमाप्रमाणे दोन माणसं लागतात, आणि मागायची माझी हिंमत नव्हती.

वहिनी पायरी चढून आत गेल्या. नळ उघडल्याचा आवाज आला. मी खटक्यावर बोट ठेवून थांबलो. आतून हवा फुसफुसत होती.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

मी थांबलो.

"अजून नाही."

नळ थुंकला, थांबला, पुन्हा थुंकला. मग धार लागल्याचा सरळ आवाज यायला लागला. मी बोट हलवलं नाही. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

"पाणी आलं," त्या म्हणाल्या.

मी खटका वर केला.